ब्रोकन हिलमधील हॉटेले, पब आणि मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेड येथे राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीत मोटारीने ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, म्हणजे आउटबॅकमध्ये निघाली, की न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रोकन हिल या खाणींच्या शहरात बहुतेकांचा एक तरी मुक्काम पडतो. भारतातून मुलांकडे आलेले आई-वडीलही पुष्कळदा बरोबर असतात. आमच्या स्वतःच्या फेऱ्यांत झालेल्या चुका आणि ओळखीच्यांनी निघण्यापूर्वी विचारलेल्या शंका यांवरून ही प्रश्नोत्तरे तयार केली आहेत.

फलकावर ‘हॉटेल’ लिहिले आहे, पण आत नुसता बार दिसतो. आपण चुकीच्या जागी आलो आहोत का?

नाही, आपण बरोबर जागी आला आहात; घोटाळा शब्दाचा आहे. मराठीत हॉटेल म्हणजे जिथे चहा-भजी किंवा जेवण मिळते ती जागा, आणि मुक्कामासाठी आपण लॉज शोधतो. ऑस्ट्रेलियाच्या गावांत मात्र हॉटेल म्हणजे पब. एकोणिसाव्या शतकातल्या परवाना कायद्यांनुसार ज्याला दारू विकायची असेल, त्याला प्रवाशांसाठी खोल्या आणि जेवणाची सोय ठेवावी लागे. त्यामुळे खाली बार, मागे भोजनगृह आणि वरच्या मजल्यावर खोल्या अशी इमारतींची ठेवणच ठरून गेली, आणि कायद्याने लावलेली ‘हॉटेल’ ही पाटी पुढे अट सैल झाल्यावरही तशीच राहिली. महाराष्ट्रातल्या बारवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची आठवण म्हणून ‘परमिट रूम’ हे शब्द अजून मिरवतात, तसाच हा प्रकार आहे.

याचा व्यावहारिक परिणाम असा, की काही हॉटेलांत आजही खोल्या मिळतात, काहींत वरचा मजला अनेक वर्षे बंद असतो आणि तिथे केवळ पेय व जेवण मिळते. नकाशावर ‘हॉटेल’ दिसले म्हणून रात्री नऊ वाजता सामानासह दारात उभे राहणे शहाणपणाचे नाही. दूरध्वनी करून ‘खोल्या आहेत का’ आणि ‘आज स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू आहे’ हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत, कारण एकाचे उत्तर ‘हो’ असले म्हणजे दुसऱ्याचेही ‘हो’ असेलच असे नाही.

तिथे पोहोचायचे कसे आणि वाटेत मुक्काम कुठे करावा?

सिडनीहून रस्त्याने अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे आणि ते एका दिवसात तोडण्याचा हट्ट कोणी धरू नये. निंगन किंवा कोबार येथे रात्र काढणे सोयीचे पडते. कोबारपासून पुढचे साडेचारशे किलोमीटर म्हणजे जवळपास सरळ रेघ आहे, आणि मध्ये विल्कॅनिया सोडले तर वस्ती अशी नाहीच. ॲडलेडहून अंतर सुमारे ५१५ किलोमीटर असल्यामुळे सकाळी निघून दुपारी पोहोचता येते. मेलबर्नकर मिल्ड्युराच्या रस्त्याने येतात.

सिडनीहून ‘आउटबॅक एक्स्प्लोरर’ ही रेल्वेगाडी आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी सुटते, त्याच संध्याकाळी ब्रोकन हिलला पोहोचते आणि मंगळवारी परत फिरते. स्थानक क्रिस्टल स्ट्रीटवर आहे आणि तिथून मुख्य रस्ता असलेल्या अर्जंट स्ट्रीटपर्यंत चालत जाता येते. मात्र लहान गावांतली पुष्कळ स्वयंपाकघरे आठवड्याच्या सुरुवातीला सुट्टी घेतात, आणि ही गाडी नेमकी सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी पोहोचते. गाडीने येणाऱ्यांनी जेवणाची चौकशी आदल्या आठवड्यातच करून ठेवावी, किंवा दशम्या-चटणी बरोबर ठेवावी.

रस्त्यांची नावे ऐकून रसायनशास्त्राचा तास आठवला तर नवल नाही. अर्जंट, क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट अशी सगळी नावे खनिजांची आणि संयुगांची आहेत. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प या कुंपणांवर देखरेख करणाऱ्या घोडेस्वाराने इथल्या टेकडीवर पहिला दावा ठोकला आणि १८८५ मध्ये ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी उभी राहिली; आज जगभर बीएचपी या नावाने ओळखली जाणारी कंपनी ती हीच. खाण कामगारांच्या लोंढ्याबरोबर पब आले, आणि म्हणून जुने पब आजही खनिजांच्या नावाच्या चौकांवरच उभे आहेत.

घड्याळाचा काही घोळ आहे, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्स राज्यात असले, तरी तिथले घड्याळ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेनुसार चालते, म्हणजे सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. दूरध्वनीचा विभागीय क्रमांकसुद्धा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा, ०८ आहे. सिडनीकडून येणाऱ्याला अर्धा तास फुकट मिळतो, त्यामुळे येताना कोणाची तक्रार नसते. पंचाईत परतताना होते. ब्रोकन हिलहून आरामात निघून सुमारे १९५ किलोमीटरवरच्या विल्कॅनियाला दुपारचे जेवण घेऊ, असा बेत आम्ही एकदा केला. मनगटावरच्या घड्याळात दीड वाजला होता, तिथल्या भिंतीवर दोन, आणि काउंटरवरच्या बाई फडक्याने शेवटचे टेबल पुसत होत्या. त्या दिवशी दुपारचे जेवण म्हणजे पेट्रोलपंपावरची बिस्किटे झाली.

खोली किती आधी आरक्षित करावी?

साध्या आठवड्यात आठ-दहा दिवस आधी सांगितले तरी चालते, परंतु ‘आउटबॅकमध्ये कोण जाते’ ही समजूत महागात पडू शकते. मार्चमधल्या सेंट पॅट्रिक घोडेशर्यती, ऑगस्टमध्ये सिल्व्हरटनजवळच्या माळरानावर भरणारा ‘मंडी मंडी बॅश’ हा संगीत महोत्सव आणि सप्टेंबरमधला ‘ब्रोकन हील’ (हील म्हणजे बुटाची टाच) हा स्त्रीवेषातल्या कलाकारांचा महोत्सव या दिवसांत शहरातली प्रत्येक खाट भरलेली असते. एप्रिल आणि जुलैच्या शालेय सुट्ट्यांतही गर्दी असते, कारण हवा त्याच काळात बरी असते. एरवीही सोमवार ते गुरुवार खाणींतले आणि रस्त्यांच्या कामावरचे कंत्राटी लोक मोटेलच्या खोल्या धरून बसतात. त्यामुळे शनिवारी रिकामे दिसणारे मोटेल मंगळवारी भरलेले असणे हा इथला नेहमीचा अनुभव आहे.

आरक्षणाची संकेतस्थळे पाहावीत, पण त्यांवर विसंबू नये. पबच्या खोल्या बऱ्याचदा त्यांवर नसतातच. त्यांची वही बारच्या काउंटरखाली असते. फोन दुपारी तीन-चारच्या सुमारास करावा, कारण जेवणाच्या वेळी उचलणारी व्यक्ती एका हाताने बिअर ओतत असते आणि आपले आडनाव लिहून घेण्याची तिची मनःस्थिती नसते. ‘कुलकर्णी’ किंवा ‘देशमुख’ यांची अक्षरे एकेक सांगण्यापेक्षा सरळ पहिल्या नावावर खोली लिहून घ्यायला सांगावे.

पबच्या वरची खोली प्रत्यक्षात कशी असते?

जुन्या पबमध्ये रात्र काढणे हा अनुभव आहे, आणि अनुभव या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. स्वागतकक्ष नसतो. बारमध्ये जाऊन नाव सांगायचे, पैसे भरायचे, मग जाड ठोकळा अडकवलेली किल्ली मिळते. तिच्याबरोबर बाजूच्या दाराची दुसरी किल्ली असते, कारण बार बंद झाल्यावर पुढचे दार उघडत नाही. ही दुसरी किल्ली खोलीत ठेवून फिरायला गेलात, तर रात्री रस्त्यावरून खिडकीकडे पाहत हाका मारण्याची वेळ येते. लाकडी जिना, मधोमध झिजलेल्या पायऱ्या, गालिच्याने झाकलेला लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना उंच छताच्या खोल्या. खोलीत पलंग, कपाट, क्वचित हात धुण्याचे बेसिन. न्हाणीघर आणि शौचालय बोळाच्या टोकाला, सगळ्या मजल्यात सामाईक. लिफ्ट बहुधा नसतेच, म्हणून गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी ही जागा योग्य नाही.

या सगळ्याची भरपाई होते ती पुढच्या रुंद गॅलरीत. लोखंडी नक्षीच्या कठड्याची, रस्त्याच्या पदपथावर छत धरणारी ही गॅलरी म्हणजे जुन्या ऑस्ट्रेलियन पबचा खरा दिवाणखाना. उन्हे उतरली, की खुर्ची बाहेर ओढून बसावे. खाली रुंद, रिकामा होत जाणारा रस्ता आणि त्याच्या टोकाला खाणीतून निघालेल्या मातीचा काळा डोंगर लाल होताना दिसतो.

शुक्रवारी आणि शनिवारी बारच्या बरोबर वरची खोली घेऊ नये. आम्ही ती एकदा घेतली आणि मध्यरात्रीपर्यंत खालच्या वाद्यवृंदातला ढोल गादीतून जाणवत राहिला. खोली देतानाच ‘मागच्या बाजूची द्या’ असे सांगावे. मालक त्यात वाईट वाटून घेत नाहीत.

कुटुंब आणि लहान मुले बरोबर असतील तर पब बरा, मोटेल बरे, की कॅराव्हॅन पार्क?

मोटेल किंवा कॅराव्हॅन पार्कमधली, म्हणजे फिरती घरे उभी करण्याच्या तळावरची, केबिन. मोटेलमध्ये मोटार थेट खोलीच्या दारात लावता येते, न्हाणीघर खोलीला जोडलेले असते, आणि किटली, टोस्टर व छोटा फ्रिज एवढे साहित्य असते. शेगडी मात्र नसते. तिथे प्रवासी इंडक्शनवर फोडणी देण्याचा मोह आवरावा. मोहरी तडतडली आणि छतावरचा धूरसूचक वाजला, की पुष्कळ ठिकाणी संदेश थेट अग्निशमन दलाकडे जातो, आणि विनाकारण आलेल्या बंबाचा खर्च पाहुण्यांच्या माथी येऊ शकतो. स्वयंपाक करायचाच असेल, तर कॅराव्हॅन पार्कची स्वयंपाकघर असलेली केबिन घ्यावी. पिठले-भात तिथे बिनघोर होतो.

एक सूचना लहान मुलांच्या पालकांसाठी. हे शतकाहून अधिक काळ शिसे काढणारे शहर आहे आणि धुळीत शिशाचा अंश असतो. मातीत खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत. स्थानिक लोकही हेच करतात. नळाचे पाणी मात्र निर्धोक आहे. मरे नदीवरच्या वेंटवर्थपासून २७० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने ते २०१९ पासून येते.

पॅलेस हॉटेलविषयी सगळे बोलतात. त्यात एवढे काय आहे?

अर्जंट आणि सल्फाइड रस्त्यांच्या चौकातली ही तीन मजली इमारत १८८९ मध्ये उभी राहिली ती दारूचा पब म्हणून नव्हे, तर ‘कॉफी पॅलेस’ म्हणून. त्या काळी ऑस्ट्रेलियात मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती आणि दारूशिवाय सर्व सोयी देणारी भव्य हॉटेले बांधण्याची लाट आली होती. मेलबर्नचे वास्तुविशारद आल्फ्रेड डन यांनी आराखडा केला, पैसा ओतला गेला, आणि खाणीत आठ तास धूळ खाऊन वर आलेल्या माणसाला संध्याकाळी कॉफी देण्याचा प्रयोग सुरू झाला. तो किती चालला असेल, हे सांगायला नको. १८९२ मध्ये मालकांनी दारूचा परवाना घेतला आणि आजतागायत तो चालू आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मारिओ चेलोटो यांनी हे हॉटेल घेतले. त्यांनी इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या चित्राची प्रतिकृती स्वतः छतावर रंगवली, आणि मग गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराने जिना, भिंती, बोळ असे दिसेल ते रंगवून टाकले. धबधबे, तळी, हिरवी कुरणे. वाळवंटात ज्या ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या सगळ्या तिथे भिंतीवर आहेत. स्त्रीवेषातल्या कलाकारांवरच्या ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ या १९९४ च्या गाजलेल्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाले, आणि सप्टेंबरमधला ‘ब्रोकन हील’ महोत्सव ही त्याचीच देणगी आहे. काहींना ही चित्रे भडक वाटतात. आमच्या मते ती भडक आहेतच, आणि तरीही जिन्याच्या मध्यावर थांबून मान वर करून पाहत राहावे अशी आहेत. मुक्काम केला नाही तरी आत जाऊन एक पेय घेता येते; ते कॉफी असले तर इमारतीच्या मूळ हेतूला मान दिल्यासारखे होईल.

अर्जंट स्ट्रीटवरच ॲस्ट्रा आणि रॉयल एक्स्चेंज ही आणखी दोन जुनी हॉटेले आहेत. सामाईक न्हाणीघर नको, पण जुन्या इमारतीत राहायचे आहे, अशांनी चौकशीची सुरुवात तिथून करावी. हे संपूर्ण शहरच जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत घेण्यात आले, आणि असा मान मिळालेले ते देशातले पहिले शहर आहे.

शाकाहारी माणसाचे पबमध्ये पोट भरते का?

भरते, परंतु आनंदाने भरेल याची हमी देता येत नाही. पबच्या जेवणाला ‘काउंटर मील’ म्हणतात. त्यातले मुख्य पदार्थ कोंबडीचे श्निट्झेल, त्यावर टोमॅटो आणि चीज घातलेले पार्मिजियाना, स्टेक, मासा आणि रविवारी भाजलेले मांस. शाकाहाऱ्यासाठी बहुधा भाज्यांचा बर्गर, एखादा पास्ता, सॅलड आणि बटाट्याचे चिप्स उरतात. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी विचारावे, की चिप्स मासे आणि कोंबडीच्याच तेलात तळतात का. उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक ‘हो’ असेच मिळते. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासा चालेल का, असा उलटा प्रश्न आला तर रागावू नये. मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, असे तीनही शब्द उच्चारावेत.

एक स्थानिक पदार्थ जरूर मागावा, तो म्हणजे चीज स्लॉ. किसलेले गाजर, किसलेले चीज आणि मेयोनेज यांचे हे मिश्रण ब्रोकन हिलचे लोक आपले म्हणून सांगतात. पावात, बर्गरमध्ये, जेवणाच्या ताटात कोशिंबिरीच्या जागी, कुठेही ते घालतात. आमच्या घरी त्याला ‘दाण्याच्या कुटाविना गाजराची कोशिंबीर’ असे नाव पडले. मेयोनेजमध्ये अंडे असते, हे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दक्षिण ब्रोकन हिलमधल्या पॅटन स्ट्रीटवर बेल्स हे जुन्या वळणाचे मिल्क बार आहे. तिथले मिल्कशेक पबला कंटाळलेल्या मुलांसाठी उत्तम उतारा ठरतात.

स्वयंपाकघरांच्या वेळा आखूड असतात. दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते आठ, असे गृहीत धरून चालावे. बार मध्यरात्रीपर्यंत उघडा असला, तरी साडेआठनंतर खायला शेंगदाणे आणि वेफर्स एवढेच मिळतील.

पबमध्ये वागण्याचे काही अलिखित नियम आहेत का?

टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये, तो येणार नाही. पेय बारवर आणि जेवण भोजनगृहाच्या काउंटरवर मागायचे, पैसे तेव्हाच द्यायचे, टेबलाचा क्रमांक सांगायचा. काही ठिकाणी हातात एक चकती देतात. ती थरथरून चमकू लागली, की ताट आणायला आपणच उठायचे. टीप देण्याची पद्धत नाही.

बिअरचे माप समजून घ्यावे. न्यू साउथ वेल्समध्ये ४२५ मिलिलिटरचा ग्लास म्हणजे स्कूनर आणि २८५ मिलिलिटरचा मिडी. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र स्कूनर म्हणजे २८५ आणि ४२५ ला तिथे पिंट म्हणतात. ब्रोकन हिलमध्ये अर्धी गर्दी ॲडलेडकडची असल्याने बोटाने ग्लास दाखवून मागणे सर्वांत सुरक्षित.

‘शाउट’ ही चाल विशेष जपावी. चौघे एकत्र बसले, तर प्रत्येक जण आळीपाळीने चौघांची पेये आणतो. आपल्याकडे बिल देण्यावरून होणारी ओढाताण इथे नसते. पाळी ठरलेली असते आणि ती चुकवलेली लक्षात राहते. शेजारच्या खाण कामगाराने आपल्याला पेय पाजले, तर पुढची फेरी आपली. पीत नसाल, तर पहिल्याच फेरीच्या वेळी ‘मला लिंबू-सोडा-बिटर्स’ असे सांगावे आणि आपल्या पाळीला सर्वांसाठी बिअर आणावी. बिटर्समध्ये मद्याचा किंचित अंश असतो, तो नको असेल त्याने नुसता लिंबू-सोडा घ्यावा. न पिणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, पाळी चुकवणाऱ्याकडे मात्र पाहतात.

बायकांनी एकट्याने पबमध्ये गेले तर चालते का? मुलांना नेता येते का?

आज बायका एकट्याने जेवायला जातात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. हे फार जुने नाही. पूर्वी पब्लिक बारमध्ये स्त्रियांना प्रवेशच नसे, त्यांना बाजूच्या लाउंजमध्ये बसावे लागे. १९६५ मध्ये ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी बारच्या पायदांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतले, तेव्हा हा प्रश्न देशभर गाजला. एकटीने जाणाऱ्या भगिनींनी भोजनगृहात किंवा मागच्या अंगणात, ज्याला बिअर गार्डन म्हणतात तिथे बसावे. पुढच्या बारपेक्षा तिथे निवांतपणा असतो.

अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर भोजनगृहात आणि अंगणात नेता येते, बारच्या काउंटरपाशी आणि जुगाराच्या यंत्रांच्या खोलीत नाही. तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

‘क्लब’मध्ये सभासद नसताना जाता येते का?

येते. दारात ओळखपत्र दाखवून तात्पुरता सभासद म्हणून नाव नोंदवावे लागते, पैसे बहुधा लागत नाहीत. बॅरियर सोशल डेमोक्रॅटिक क्लब, ज्याला सगळे ‘डेमो’ म्हणतात, आणि म्युझिशियन्स क्लब हे दोन जुने क्लब आहेत. पबपेक्षा इथे जागा मोठी, जेवण स्वस्त आणि वातावरण घरगुती असल्यामुळे वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर आम्ही क्लबच सुचवतो. न्यू साउथ वेल्समधल्या क्लबांना जुगार-यंत्रे ठेवण्याची परवानगी १९५६ मध्ये मिळाली. या यंत्रांना ‘पोकीज’ म्हणतात आणि क्लबच्या स्वस्त जेवणामागे त्यांचा मोठा हातभार असतो. जेवावे आणि त्या खोलीकडे पाठ करून बाहेर पडावे.

टू-अप हा काय प्रकार आहे?

आपला छापा-काटा, पण दोन नाण्यांचा. लोक कडे करून उभे राहतात. मध्ये उभा असलेला ‘स्पिनर’ छोट्या लाकडी फळीवर दोन जुनी पेनी नाणी ठेवतो आणि डोक्यावर उंच उडवतो. दोन्ही छापे आले की छाप्यावर लावलेले जिंकतात, दोन्ही काटे आले की काट्यावरचे. एकेक आले तर पुन्हा उडवायचे. पैज पबच्या मालकाशी नसते, समोरच्या अनोळखी माणसाशी असते. हातात नोट धरून ती डोक्याला टेकवली म्हणजे ‘मी छाप्यावर’. समोरून कोणी बोट दाखवले, की पैज पक्की. न्यू साउथ वेल्समध्ये एरवी हा खेळ प्रामुख्याने २५ एप्रिलच्या अँझॅक दिनी, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, कायदेशीर असतो, परंतु ब्रोकन हिलला वर्षभर खेळण्याची खास सवलत आहे, आणि पॅलेसमध्ये ठरावीक रात्री तो चालतो. पाहायला काही लागत नाही. नोटा हवेत, नाणी दिव्याखाली फिरत असलेली आणि शंभर माणसे क्षणभर गप्प, हे दृश्य पाहण्यासारखे आहे.

सिल्व्हरटनच्या पबला जाणे योग्य आहे का?

अवश्य जावे. वायव्येला २५ किलोमीटरवर, पूर्ण डांबरी रस्ता. ब्रोकन हिलच्या आधी चांदी सापडली ती या भागात, आणि १८८० च्या दशकात तिथे हजारोंची वस्ती होती. आज जेमतेम पन्नासेक लोक राहतात. मोकळ्या लाल जमिनीवर विखुरलेल्या काही दगडी इमारती, भटकणारी गाढवे आणि मधोमध सिल्व्हरटन हॉटेल. हा पब अनेक चित्रपटांत आणि जाहिरातींत दिसला आहे आणि त्याच्या भिंती त्या छायाचित्रांनी भरल्या आहेत. पुढे पाच किलोमीटरवर मंडी मंडी मैदान दिसणारा उंचवटा आहे. सूर्यास्त तिथे सुंदर दिसतो, पण परतीचा प्रश्न त्यामुळेच उभा राहतो.

का? रात्री गाडी चालवण्यात काय अडचण आहे?

कांगारू, एमू आणि रानटी बकऱ्या. दिवस मावळताना आणि उजाडताना हे प्राणी रस्त्याच्या कडेच्या गवतावर येतात आणि प्रकाशाच्या झोतात नेमके पुढे उडी मारतात. स्थानिक माणसे अंधारात लांबचा प्रवास टाळतात, आणि ज्यांना करावाच लागतो, त्यांच्या गाड्यांना पुढे लोखंडी दांड्यांचे कवच असते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात शहराबाहेर रात्री झालेला अपघात किंवा कच्च्या रस्त्यावरचे नुकसान पुष्कळदा धरलेले नसते. करारातली ती ओळ निघण्यापूर्वी वाचावी. सिल्व्हरटनहून सूर्यास्तानंतर यायचेच असेल, तर साठच्या वेगाने, वरचे दिवे लावून यावे.

मद्याची मर्यादा रक्तात ०.०५ आहे, शिकाऊ आणि तात्पुरता परवाना असणाऱ्यांसाठी शून्य. पोलीस कुठेही थांबवून श्वासाची तपासणी करू शकतात, आणि रिकाम्या रस्त्यावर ते नसतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. शहरात टॅक्सी आहे. तिचा क्रमांक बारमध्ये मागितला की मिळतो.

उन्हाळ्यात जावे का?

डिसेंबर ते फेब्रुवारी शक्यतो टाळावे. पारा चाळिशीच्या वर सहज जातो आणि जुन्या पबच्या सगळ्याच खोल्यांत वातानुकूलन असते असे नाही. जून-जुलैत दिवस सुखद असतात, रात्री मात्र पाच अंशांच्या आसपास जातात, तेव्हा शाल-स्वेटर हवेतच.

ब्रोकन हिलच्या पुढे आणखी कुठे मुक्काम करता येईल?

दोन ठिकाणे सुचवतो. व्हाइट क्लिफ्स हे दुधी रत्नाच्या, म्हणजे ओपलच्या खाणींचे गाव विल्कॅनियाच्या उत्तरेला सुमारे ९५ किलोमीटरवर आहे. तिथे टेकडीच्या पोटात खोदलेले भूमिगत मोटेल आहे. बाहेर काहीही असो, खोलीत बारा महिने २२ अंशांच्या आसपास राहते. खिडकी नसल्यामुळे सकाळ झाली हे कळत नाही. बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी विचार करून जावे. दुसरे ठिकाण उत्तरेकडचे, तीनशेहून अधिक किलोमीटरवरचे टिबूबरा. तिथल्या फॅमिली हॉटेलच्या भिंतींवर चित्रकार क्लिफ्टन प्यू यांनी काढलेली चित्रे आहेत. दोन्हीकडे जाताना इंधनाची टाकी आणि पाण्याचे कॅन भरून घ्यावेत, आणि पाऊस पडला असेल तर रस्ता खुला आहे का ते ब्रोकन हिलमध्येच विचारून निघावे.

ॲडलेडकडे निघताना उरलेला शिधा बरोबर नेता येतो का?

कोरडा आणि शिजवलेला नेता येतो; ताजी फळे आणि भाज्या नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून कडक बंदी आहे. बॅरियर महामार्गावर युंटाच्या पुढे ऊडला विर्रा येथे तपासणी नाका आहे आणि तिथे गाडीची डिकी उघडून पाहतात. मोटेलच्या फ्रिजमधून घाईत उचललेल्या पिशवीत दोन लिंबे आणि मूठभर हिरव्या मिरच्या राहिल्या, तरी दंड होऊ शकतो. त्या ब्रोकन हिलमध्येच संपवाव्यात. केबिन घेतली असेल, तर शेवटच्या सकाळी लिंबू पिळलेले कांदेपोहे करावेत आणि उरलेल्या मिरच्या शेजारच्या केबिनवाल्यांना द्याव्यात. आम्ही दिल्या तेव्हा त्यांनी आधी विचारले, किती तिखट आहेत?